वेगवान आयओचा पॅच तपासताना आधी लाल ओळी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी तीन वर्षं एम्बेडेड लिनक्सवर काम करते. यंत्रांची कंपनं मोजून साठवणारं आमचं एक कार्ड आहे, त्याचा कर्नल ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात राहून कार्ड चालवणारा कोड, आमचा घरचाच आहे. सहकाऱ्याने त्या ड्रायव्हरला आयओ-युरिंगचा, म्हणजे वाचन-लेखनाची कामं न थांबता कर्नलला सोपवण्याचा, रस्ता जोडणारा पॅच (कोडमधल्या बदलांचा संच) दिलाय आणि वर लिहिलंय, 'वेग दुप्पट'. आमचे सिनियर नोकरी सोडून गेले, त्यामुळे रिव्ह्यू माझ्या गळ्यात पडलाय. दोनदा वाचला, सगळं बरोबरच वाटतं. सर, नेमकं बघायचं काय?"

डिफमधल्या, म्हणजे बदलांच्या यादीतल्या, हिरव्या (वाढवलेल्या) ओळी आधी बाजूला ठेवा आणि लाल (काढलेल्या) ओळी वाचा. वेग वाढवणाऱ्या पॅचमध्ये वेग येतो कुठून? एखादी कॉपी वाचवलेली असते, एखादं लॉक उडवलेलं असतं, कुठेतरी थांबणं टाळलेलं असतं. ती कॉपी, ते लॉक, ते थांबणं कधीकाळी कोणीतरी कारणाने घातलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक लाल ओळीपाशी एकच प्रश्न: ही ओळ जे काम करत होती ते आता कोण करतंय? उत्तर कोडवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. "ते होतंच की आपोआप" हे उत्तर धरायचं नाही.

तुमच्या पॅचमध्ये लाल ओळी फारशा नसणार, हे मला माहीत आहे. जुना आयओसीटीएलचा, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टिम कॉलने ड्रायव्हरला थेट हुकूम देण्याचा, रस्ता तसाच ठेवून शेजारून नवा काढलेला असणार. मग जुनं फंक्शन चक्क छापून घ्या, नव्याच्या शेजारी ठेवा, आणि जुन्यातलं जे नव्यात नाही त्यावर लाल पेनने खूण करा. मी गेली बरीच वर्षं नाशिकरोडला घरी बसून स्टोरेजच्या ड्रायव्हरांचे रिव्ह्यू करतो आणि अजूनही कागदावरच करतो. स्क्रीनवर डोळा पुढे पळतो.

पार्श्वभूमी तुम्हाला असेलच, तरी थोडक्यात. लिनक्सची जुनी एआयओ व्यवस्था नावाला असिंक्रोनस, म्हणजे काम सोपवून न थांबता पुढे जाऊ देणारी, होती. फाइल थेट म्हणजे डायरेक्ट आयओने उघडली असेल तर ठीक, नाहीतर काम सोपवणारा कॉलच गुपचूप अडकून बसायचा. त्यात जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला सुरक्षा-दोष उघडकीस आला, त्यावरच्या उपायामुळे प्रत्येक सिस्टिम कॉल आणखी महाग झाला. येन्स आक्सबो यांनी लिहिलेलं आयओ-युरिंग मे 2019 मध्ये लिनक्स 5.1 सोबत आलं. दोन गोल रांगा, दोन्ही कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्या सामायिक मेमरीत. एका रांगेत प्रोग्रॅम कामाच्या चिठ्ठ्या टाकतो, चिठ्ठी 64 बाइटची. दुसरीत कर्नल पावत्या टाकतो, पावती 16 बाइटची. ड्रायव्हरला या चिठ्ठ्या थेट घेता याव्यात ही सोय 5.19 मध्ये आली, आणि तुमच्या सहकाऱ्याने तीच वापरली असणार.

आता 'सामायिक मेमरी' या दोन शब्दांपाशी थांबा. तुमचा निम्मा रिव्ह्यू इथेच आहे.

लासलगाव किंवा पिंपळगावला कांद्याचा लिलाव बघितला असेल. ट्रॅक्टर रांगेत उभे, व्यापारी ट्रॉलीच्या वरचा माल हातात घेऊन बघतात, बोली लागते. मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते आणि माल ओतल्यावर कधीकधी वर मोठा कांदा आणि खाली गोलटी निघते. मग वाद. भाव ठरला एका मालावर, उतरला दुसराच. कर्नलमध्ये याला डबल फेच म्हणतात. जुन्या आयओसीटीएलमध्ये तुमचं फंक्शन सुरुवातीलाच प्रोग्रॅमकडचा सगळा स्ट्रक्चर कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत कॉपी करून घेत होतं. म्हणजे आधी माल खळ्यावर ओतायचा आणि मग भाव करायचा. नव्या रस्त्यात ती कॉपी गेली. पहिल्या प्रयत्नात हँडलरच्या, म्हणजे चिठ्ठी हाताळणाऱ्या तुमच्या फंक्शनच्या, हातात येणारा पॉइंटर थेट सामायिक रांगेतल्या चिठ्ठीकडे बोट दाखवत असू शकतो. आणि त्या चिठ्ठीवर प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड तुम्ही वाचत असतानाच खाडाखोड करू शकतो.

म्हणजे कोड असा दिसेल: चिठ्ठीतली लांबी बफरपेक्षा मोठी असेल तर चूक परत कर, नाहीतर तेवढी लांबी कॉपी कर. वाचायला निर्दोष. पण त्यात लांबी दोनदा वाचली गेली, एकदा तपासताना आणि एकदा वापरताना. मधल्या काही नॅनोसेकंदांत 512 चे 5 लाख करता येतात. उपाय साधा आहे. चिठ्ठीतलं प्रत्येक फील्ड रीड-वन्स मॅक्रोने एकदाच वाचून स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, आणि पुढे चिठ्ठीकडे मान वळवायची नाही. 'स्थानिक व्हेरिएबल तर घेतलंय की' असं सहकारी म्हणेल. पण साध्या असाइनमेंटने घेतलं असेल तर रजिस्टर कमी पडल्यावर कंपायलर ते व्हेरिएबल टाकून मूळ जागेवरून पुन्हा वाचायला मोकळा असतो. म्हणून मॅक्रो हवाच. कर्नलमधल्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडीच्या) ड्रायव्हरचं हेच फंक्शन उघडून बघा. कमांडचं एकेक फील्ड ओळीने रीड-वन्सने उचललेलं दिसेल. कंटाळवाणा कोड आहे, पण तो तसाच असायला हवा.

रिव्ह्यूमध्ये मी हे असं करतो: चिठ्ठीच्या पॉइंटरचं नाव शोधायचं, ते जिथे जिथे येतं त्या प्रत्येक ठिकाणी टिंब द्यायचं. फंक्शनच्या पहिल्या दहा-पंधरा ओळींनंतर टिंब दिसलं की प्रश्न विचारायचा. आणि चिठ्ठीत दुसऱ्या बफरचा पत्ता असेल तर त्या बफरलाही हाच नियम लावायचा. तोही प्रोग्रॅमच्याच ताब्यात असतो.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात: काम हार्डवेअरला दिल्यानंतरच्या ओळी.

सिंक्रोनस कोडमध्ये रिक्वेस्ट तुमची असते. तुम्ही ती बनवता, पाठवता, उत्तराची वाट बघता, मोडता. असिंक्रोनस कोडमध्ये डोअरबेल रजिस्टरवर, म्हणजे 'काम आलंय' असं हार्डवेअरला कळवणाऱ्या जागेवर, लिहिलं त्या क्षणी तिचा ताबा सुटतो. उत्तराचा इंटरप्ट (हार्डवेअरचा 'झालं' हा इशारा) दुसऱ्या कोअरवर येतो, पूर्तीचा कोड तिथे धावतो, रिक्वेस्ट मोकळी होते, आणि हे सगळं तुमचं फंक्शन परत यायच्या आत घडू शकतं. हार्डवेअर जितकं वेगवान तितकी ही शक्यता जास्त. म्हणजे वेग वाढवणारा पॅचच स्वतःचा दोष उघडा पाडत असतो. तुमच्या पॅचमध्ये डोअरबेलची ओळ शोधा आणि तिच्या खाली रेष ओढा. रेषेखाली रिक्वेस्टचा कुठलाही उल्लेख दिसला, मग ती बिचारी आकडेवारी वाढवणारी ओळ असो की डीबगचा प्रिंट असो, तिथे यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं, आहे असं धरून चाला, नाही हे सहकाऱ्याने सिद्ध करायचं. डीबगच्या प्रिंटने मला दोन वेळा फसवलंय.

त्याच रेषेखाली परतीची व्हॅल्यूही बघा. काम रांगेत लागलं असेल तर हँडलरने ई-आयओसीबी-क्यूड ('रांगेत लागलं' हा कोड) परत करायचं आणि पावती नंतर एकदाच फाडायची. लगेच संपलं असेल तर सरळ निकाल परत करायचा, मग वेगळी पावती नाही. या दोन रस्त्यांची सरमिसळ एरर हाताळताना होते. पावती तर फाडली, आणि वरून मायनस पाच, म्हणजे आयओ एररचा कोड, परत केलं. एका रिक्वेस्टच्या दोन पूर्ती. सुखरूप मार्गावर हे कधीच दिसत नाही, त्यामुळे फंक्शनमधला प्रत्येक रिटर्न वेगळा धरून खालून वर चालत जा: इथे आलो तेव्हा ताबा कोणाकडे होता?

इंटरप्टमध्ये काय चालतं तेही तपासा. पूर्तीच्या वेळी निकाल प्रोग्रॅमच्या मेमरीत लिहायचा असेल तर ते इंटरप्टमध्ये करता येत नाही. पान हजर नसेल तर झोपावं लागतं, आणि समोर कोणत्या प्रोसेसचा पत्तानकाशा लागलेला आहे याचीही खात्री नसते. ते काम मूळ टास्कच्या संदर्भात ढकलायची सोय आयओ-युरिंगमध्ये आहे, ती वापरली आहे का ते बघा. तसंच हँडलरला 'थांबू नकोस' असा झेंडा मिळालेला असताना आत म्युटेक्स (मिळेपर्यंत थांबायला लावणारं लॉक) घेतलंय का? घेतलं असेल तर सगळी रांगच त्या एका म्युटेक्सपाशी उभी राहते. नियम असा की मिळत नसेल तर ई-अगेन ('पुन्हा विचारा') म्हणून परत फिरायचं, मग आयओ-युरिंग ते काम आपल्या वर्कर थ्रेडकडे सोपवतं. पण मग हँडलर दुसऱ्यांदा चालणार! पहिल्या फेरीत काही वाढवलं, राखून ठेवलं, अर्धवट लिहिलं असेल तर ई-अगेनच्या आधी ते पूर्ववत केलंय का?

आता मेमरी बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम बांधणाऱ्या सूचना. लोक यालाच घाबरतात, पण तुमच्या कामात बॅरियर थोडेच असतील. रांगेची हेड आणि टेल हलवताना नियम इतकाच: आधी माल ठेवायचा, मग टेल पुढे करायची, ती रिलीजच्या हमीसह (आधीची लेखनं आधीच दिसतील). समोरच्याने टेल अक्वायरच्या हमीसह (पुढची वाचनं नंतरच होतील) वाचायची. हे विसरलेला कोड सहकाऱ्याच्या एक्स-86 लॅपटॉपवर बहुधा वर्षभर चालेल, कारण तो प्रोसेसर एका कोअरची लेखनं क्रमाने दाखवतो. तुमचं कार्ड एआरएमवर असेल तर तिथे ते कधीतरी फुटेल, आणि कधी ते कोणी सांगू शकणार नाही. याला अपवाद एक: कर्नलचा थ्रेड रांगेवर स्वतःच टपून बसतो तो प्रकार वापरत असाल, तर टेल लिहिल्यावर 'थ्रेड झोपलाय का' हा झेंडा वाचायच्या आधी पूर्ण बॅरियर लागतो. लिहिणं मागे राहून वाचणं पुढे जाणं हे एक्स-86 वरही होतं. मग तुम्हाला वाटतं तो जागा आहे, त्याला वाटतं काम नाही, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

ड्रायव्हरमध्ये स्वतःची गोल रांग असेल तर हेड आणि टेलची तुलना कशी केलीय ते बघायला विसरू नका. हे आकडे 32 बिटांचे असतात आणि फिरून शून्यावर येतात. सेकंदाला 10 लाख कामं धरली तर साधारण 71 मिनिटांनी. 'टेल मोठी की हेड मोठी' अशी तुलना तेव्हा उलटी पडते, वजाबाकी करून फरक बघितला तर पडत नाही. सहकाऱ्याची टेस्ट दहा मिनिटांची असेल तर यातलं काहीच तिच्यात दिसणार नाही. यावर लिनक्सची जुनी युक्ती आहे: कर्नलचा जिफीज हा वेळमोजणीचा आकडा मुद्दाम अशा ठिकाणी सुरू करतात की मशिन चालू झाल्यावर पाच मिनिटांत तो फिरावा, म्हणजे ज्याची तुलना चुकली आहे तो लगेच सापडतो. तुमच्या रांगेचे आकडेही शून्याऐवजी शेवटाच्या जरा अलीकडून सुरू करून बघायला सांगा.

'काय काढलं' हा प्रश्न किती खोल जातो, याचं एक उदाहरण खऱ्या कर्नलमधलं देतो. लिनक्स 6.3 मध्ये एक सुधारणा आली होती. प्रोग्रॅम आपला बफर आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे दर वेळी त्याची पानं शोधून पकडावी लागत नाहीत. त्या नोंदणीत सुधारणा अशी: बफरची सगळी पानं एकाच फोलिओतली, म्हणजे मेमरीच्या एकाच सलग गठ्ठ्यातली असतील, तर पानागणिक एक नोंद कशाला, सगळ्यांची मिळून एकच नोंद करा. तपासणीही होती. प्रत्येक पान त्याच फोलिओतलं आहे ना? आहे. वाचून बघा, तुम्हीही मान डोलवाल. पण एकच पान आभासी पत्त्यांवर पाठोपाठ शंभर वेळा लावता येतं. शंभरच्या शंभर जागा त्याच फोलिओतल्या, तपासणी पास. आणि नोंद झाली शंभर सलग पानांची, जिथे प्रत्यक्षात पान एकच. पुढची नव्याण्णव पानं ज्याची कोणाची असतील त्याची, आणि ती वाचायला-लिहायला मोकळी. सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-2023-2598 म्हणतात तो हाच दोष. दुरुस्ती छोटीशी: प्रत्येक पान आधीच्या पानाच्या लगेच पुढचं आहे का, तेही तपासा. पानागणिक नोंद होती तोवर सलगतेचा प्रश्नच येत नव्हता. ती नोंद काढली, आणि ती न बोलता करत असलेलं काम कोणी उचललंच नाही.

अशा गोष्टींमुळेच गूगलने जून 2023 मध्ये जाहीर केलं की त्यांच्या कर्नल-दोष शोधण्याच्या बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी 60 टक्के आयओ-युरिंगवरचे होते, आणि क्रोमओएसमध्ये व स्वतःच्या सर्व्हरवर त्यांनी ते बंदच करून टाकलं. तुमच्या कार्डावर कोणी परका प्रोग्रॅम चालवत नसेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. पण परवानगीची तपासणी मात्र बघा. जुन्या आयओसीटीएलमध्ये 'हे फक्त प्रशासकाने करावं' अशी एखादी ओळ असते, आणि नवा रस्ता तिला वळसा घालून जातो. ही चूक नवशिक्यांचीच असं समजू नका. 5.19 मध्ये ड्रायव्हरचा हा रस्ता मुख्य कर्नलमध्ये आला तेव्हा एसई-लिनक्ससारख्या सुरक्षा मॉड्यूलला विचारण्याची जागाच त्यात ठेवलेली नव्हती. ती 6.0 मध्ये आली.

माझीही एक सांगतो. पुण्यात एका कंपनीत असताना माझ्याकडे असाच पॅच आला होता. प्रत्येक रिक्वेस्टमागे फाइलचा रेफरन्स (ती किती जण वापरतायत याचा आकडा) वाढवायचा आणि कमी करायचा, हे दोन ॲटॉमिक क्रियांचं काम पॅचमध्ये काढून टाकलं होतं. कारण लिहिलेलं: 'ॲप चालू असेपर्यंत फाइल उघडीच असते.' मोजमाप चांगलं होतं, मी सही केली. पुढे ग्राहकाकडे मशिन पडायला लागली, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. ॲपच्या नव्या आवृत्तीत नेटवर्क तुटल्यावर फाइल बंद करून पुन्हा उघडण्याची सोय आली होती, आणि बंद करताना काही रिक्वेस्ट अजून हवेत, म्हणजे पूर्ण न झालेल्या, असायच्या. कारण शोधायला दीड महिना गेला. पॅचमधलं ते वाक्य लिहिलं त्या दिवशी खरंही होतं. माझं चुकलं ते एवढंच, की दुसऱ्या टीमच्या कोडवर उभी असलेली हमी मी कर्नलची हमी म्हणून स्वीकारली. त्यामुळे तुमच्या पॅचमध्ये 'असं कधी होत नाही' अशा अर्थाची कमेंट दिसली तर विचारा, कोण होऊ देत नाही? प्रोसेसला मधेच किल केली, ड्रायव्हरचं मॉड्यूल काढलं, कार्डाची केबल उपटली, या तीन वेळी हवेतल्या रिक्वेस्टचं काय होतं ते सहकाऱ्याला तोंडी सांगायला लावा. अडखळला तर कोडही तिथेच अडखळतो.

'वेग दुप्पट' या दाव्याविषयी. एफआयओ या वेग मोजणाऱ्या अवजाराने मोजलंय का, रांगेची खोली (एका वेळी दिलेली कामं) किती, ब्लॉकचा आकार काय, एका वेळी एकच काम दिलं तरी फायदा दिसतो का, हे पॅचच्या मजकुरात आलंच पाहिजे. फायदा फक्त खोली 128 ला दिसत असेल आणि तुमचं ॲप कधी चारच्या वर जात नसेल, तर हा सगळा कोड कोणासाठी लिहिला? सरासरीसोबत शंभरातल्या सगळ्यात संथ एका कामाचा वेळही मागा. कंपनं साठवणाऱ्या कार्डाला सरासरीपेक्षा तोच महत्त्वाचा, कारण तेवढ्या वेळात सेन्सरचा बफर भरून वाहतो. आणि मोजलं कधी तेही विचारा. एका मे महिन्यात माझ्याकडे आलेल्या आकड्यांत 'आधीचं' मोजमाप दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये घेतलं होतं आणि 'नंतरचं' रात्री नऊला. बोर्ड तापून प्रोसेसरने स्वतःचा वेग उतरवला होता. तो सगळा फायदा नाशिकच्या हवेचा होता. प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी बांधून ठेवा, आधी-नंतर-आधी-नंतर असं आलटून पालटून मोजा.

अवजारांबद्दल फार लिहीत नाही. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं), लॉकडेप (लॉकच्या क्रमाच्या) आणि केसीसॅन (थ्रेडांच्या शर्यतीच्या) चालू केलेला कर्नल बनवा, त्यावर रात्रभर टेस्ट चालवा. मेमरी मिळाली नाही असं मुद्दाम भासवणारी फॉल्ट इंजेक्शनची सोय चालू करा, एररचे रस्ते तिच्याशिवाय कोणी चालवत नाही. केसॅन फक्त चाललेल्या रस्त्यावरचे खड्डे दाखवतो, तेव्हा तो गप्प आहे म्हणून सही करू नका.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सिनियर नाहीत म्हणून सांगतो. 'हे चुकलंय' लिहिण्यापेक्षा 'ओळ 84 नंतर इंटरप्ट आला तर रिक्वेस्ट कोणाच्या ताब्यात?' असं लिहा. एक तर तो तुम्हाला पटवेल आणि तुम्ही काहीतरी शिकाल, नाहीतर स्वतःच दुरुस्त करेल, आणि चहाच्या टपरीवर तोंड फिरवायची वेळ दोघांवर येणार नाही. न समजलेला भाग असेल तर 'समजला नाही' असंच लिहा. तीन वर्षं कर्नल वाचणाऱ्या व्यक्तीला समजत नसेल तर तिथे कमेंट तरी हवी किंवा कोड तरी सोपा व्हायला हवा. लिनक्सच्या प्रथेत 'रिव्ह्यूड-बाय' लिहिणं म्हणजे मी तांत्रिकदृष्ट्या तपासलंय आणि माझ्या शंका फिटल्यात असं सांगणं. 'ॲक्ड-बाय' म्हणजे माझी हरकत नाही. निम्मंच समजलं असेल तर दुसरं लिहा आणि कुठला निम्मा ते सांगा.

उद्या सुरुवात डोअरबेलच्या ओळीपासून करा. तिच्याखाली काय सापडलं ते कळवा. आणि हँडलर तीनशे ओळींचा असेल तर रिव्ह्यू सुरूच करू नका, तुकडे करून पाठवायला सांगा.